पत्र्यावरची फिल्म: निवडण्यापासून सोलून काढण्यापर्यंत

स्टेनलेस स्टीलची शीट, ॲल्युमिनिअमची खिडकी, ॲक्रिलिकचा तक्ता, लिफ्टचं दार. या सगळ्यांवर नवेपणी एक पातळ प्लास्टिकचा थर असतो. कारखान्यातून निघालेला पृष्ठभाग गिऱ्हाइकाच्या ताब्यात जाईपर्यंत तसाच राखायचा, एवढंच त्याचं काम. तरी फॅब्रिकेशनच्या शॉपमध्ये ही फिल्म सहसा कुणाच्याच खात्यात मोडत नाही. खरेदी करणारा शीटबरोबर येईल ती घेतो, मशिनवाल्याला अडचण झाली की तो ती फाडतो आणि साईटवर ती काढायची राहून जाते. मग हँडओव्हरच्या आदल्या दिवशी चार हेल्पर नखांनी कपटे खरवडत बसतात.

फॅब्रिकेशन, खिडक्या-ग्लेझिंग किंवा इंटिरिअरच्या कामात नव्याने आलेल्यांसाठी हे लिहितो आहे. यातलं एकच लक्षात ठेवायचं तर हे ठेवा: फिल्म लावली त्याच दिवशी ती कोण काढणार आणि कोणत्या तारखेपर्यंत काढणार, हे ठरलेलं असलं पाहिजे. बाकीच्या पायऱ्या या एका गोष्टीला धरून आहेत.

आधी पृष्ठभाग ओळखा

नवखा माणूस आधी फिल्म बघतो. खरं तर आधी हाताखालचा पृष्ठभाग बघायचा. मिरर फिनिश आरशासारखं सपाट असतं. नंबर ४ म्हणजे आपण ज्याला मॅट म्हणतो त्यावर बारीक रेघा असतात, हेअरलाइनवर त्या लांब आणि सलग असतात. टेक्श्चर पावडर कोटिंगवर, म्हणजे पावडर फवारून ओव्हनमध्ये भाजलेल्या दाणेदार रंगावर, बोट फिरवलं तर बारीक दाणे लागतात.

फिल्मचा गोंद जिथे प्रत्यक्ष टेकतो तिथेच धरतो. गुळगुळीत पृष्ठभागावर तो जवळजवळ सगळीकडे टेकतो, म्हणून तिथे कमी चिकटपणाची फिल्म पुरते. खरखरीत पृष्ठभागावर तो फक्त उंचवट्यांवर टेकतो, म्हणून तिथे जास्त चिकटपणा आणि मऊ, जाड गोंद लागतो. नव्या माणसाचा अंदाज नेमका उलटा असतो. मिरर महाग, तेव्हा त्यावर चांगली घट्ट फिल्म मारा, असं त्याला वाटतं. अशी फिल्म दोन महिन्यांनी निघता निघत नाही, आणि निघाली तरी मागे धुरकट सावली सोडते. उलट मिररची हलकी फिल्म टेक्श्चर कोटिंगवर लावली तर टेम्पोच्या पहिल्या खड्ड्यात तिचे कोपरे सुटतात.

पावडर कोटिंगच्या बाबतीत आणखी एक बघायचं. काही पावडरींमध्ये मेणासारखे पदार्थ घातलेले असतात आणि त्यांच्यावर फिल्म धरत नाही. कोटरला पावडरचा प्रकार विचारा आणि त्याच पावडरच्या नमुन्यावर फिल्म लावून बघा. नुसता रंग सारखा असून चालत नाही.

फिल्म मागताना काय विचारायचं

मुंबईत गुलालवाडी, सी. पी. टँककडे स्टेनलेसचा माल घ्यायला गेलात तर ‘पीव्हीसीवाली शीट’ असं ऐकायला मिळेल. बाजारात शीटवरच्या कुठल्याही फिल्मला पीव्हीसी म्हणतात. प्रत्यक्षात आज त्यातली बरीचशी फिल्म पॉलिथिनची असते. शीट नुसती वाकवायची असेल तर या फरकाने फारसं बिघडत नाही. पण लेझरवर जाणार असेल तर खात्री करून घ्यायलाच हवी. खऱ्या पीव्हीसीवर लेझर पडला की हायड्रोजन क्लोराइडचा वायू सुटतो. तो फुप्फुसांना घातक आहे आणि मशिनची लेन्स, रेल, बेअरिंग यांना गंज चढवतो. पुरवठादाराकडून लेखी घ्या. तोंडी ‘लेझर चालते’ यावर विसंबू नका.

मग जाडी. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. साठवण आणि वाहतुकीतल्या बारीक ओरखड्यांसाठी ५० मायक्रॉनच्या आसपासची फिल्म सर्रास वापरतात. ब्रेक प्रेसवर, म्हणजे पत्रा वाकवण्याच्या मशिनवर, बेंड मारायचा असेल तर ७० ते १०० मायक्रॉनची घ्यावी, आणि खोल ड्रॉइंगसाठी, म्हणजे पत्रा दाबून खोलगट आकार काढायचा असेल तर, त्याहूनही जाड.

गोंद मुख्यतः दोन जातींचे असतात. रबराचा गोंद लगेच पकडतो आणि प्रेसखाली ताणला तरी सोडत नाही, पण उन्हात तो लवकर खराब होतो. ॲक्रिलिक गोंद ऊन आणि काळ जास्त सोसतो. काही फिल्मना वेगळा गोंदच नसतो, आतला थर जात्याच चिकट असतो. गुळगुळीत ॲक्रिलिक किंवा पॉलिकार्बोनेटच्या तक्त्यांवर त्या दिसतात.

बाहेरून पांढरी आणि आतून काळी फिल्म ही उन्हात राहणाऱ्या कामासाठी असते. पांढरा थर ऊन परतवतो आणि काळा थर ते गोंदापर्यंत जाऊ देत नाही. पारदर्शक फिल्म उघड्यावर ठेवण्यासाठी नाही. डेटा शीटवर उन्हात किती महिने चालेल हे लिहिलेलं असतं. तो आकडा बघितल्याशिवाय दर्शनी भागाच्या कामाला फिल्म घेऊ नका.

उन्हातली चाचणी

मोठी ऑर्डर देण्याआधी हे कराच. प्रत्यक्ष वापरायच्या शीटचे हातभर तुकडे घ्या, प्रत्येकावर फिल्म लावा आणि निम्मे तुकडे शॉपच्या गच्चीवर उन्हात आठवडाभर ठेवा. बाकीचे सावलीत असू द्या. मग दोन्ही सोला आणि तुकडा खिडकीशी तिरपा धरून बघा. समोरून काहीच दिसत नाही. उजेड बाजूने पडला की गोंदाचा पट्टा, बुडबुड्याच्या जागची गोल खूण, फिल्मच्या कडेची रेघ हे सगळं दिसतं. काळ्या किंवा गडद पावडर कोटिंगवर या खुणा जास्त उठून दिसतात. खुणा कपड्याने पुसून जात असतील तर तो गोंद. पुसूनही राहत असतील तर पृष्ठभागच बदलला आहे, आणि ही फिल्म या कामाची नाही.

लावताना

रोल सावलीत, कोरड्या जागी ठेवा आणि आधी आलेला आधी वापरा. बहुतेक फिल्मची मुदत सहा महिने ते वर्षभर असते.

पृष्ठभाग कोरडा, तेलमुक्त आणि थंड हवा. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्या. ॲक्रिलिकचा तक्ता मात्र अल्कोहोलने पुसू नका, त्याचं कारण पुढे येतं. पावडर कोटिंगचा माल ओव्हनमधून निघाला की फिल्म लावायची घाई होते, कारण पुढचा लॉट उभा असतो. गरम कोटिंगवर लावलेली फिल्म जास्तच धरते आणि नंतर त्रास देते. माल हाताला गार लागेपर्यंत थांबायचं. ओल्या रंगाचा, म्हणजे पावडरऐवजी द्रव रंगाने रंगवलेला माल असेल तर रंग पूर्ण पिकल्याशिवाय फिल्म नको. आतलं थिनर फिल्मखाली अडकतं आणि रंग मऊ पडतो.

फिल्म ताणून लावू नये. नवखे कारागीर सुरकुत्या जाव्यात म्हणून ती ओढतात. लावताना ती सुंदर बसते. पण ताणलेलं पॉलिथिन पुढच्या काही दिवसांत आपल्या मूळ लांबीकडे परतू लागतं, मग कडा उचलतात आणि मधे बोगद्यासारख्या पोकळ्या तयार होतात. त्यातून धूळ आणि पाणी आत जातं. रोल सैल सुटू द्या, रबर रोलरचा दाब द्या, आणि मधून कडेकडे हवा काढत जा. हाताने लावत असाल तर एकाने रोल धरायचा आणि दुसऱ्याने फेल्ट लावलेल्या पट्टीने दाबत जायचं. राहिलेला बुडबुडा सुईने टोचू नका, त्या टोकाची खूण पत्र्यावर राहते. फिल्म त्या जागेपर्यंत उचला आणि परत बसवा.

कडेची जास्तीची फिल्म पत्र्यावर ठेवून ब्लेडने कापायची नाही. ब्लेड फिल्मपाशी थांबत नाही. पावडर कोटिंगवर अशी रेघ पडली की तिथून कोटिंग सुटायला सुरुवात होते. फिल्म कडेच्या बाहेर काढून, पत्र्याच्या धारेला टेकवून कापा.

आता तारीख. एका स्टिकरवर फिल्म लावल्याची तारीख, काढायची शेवटची तारीख आणि काढणाऱ्याचं खातं लिहा. खातं म्हणजे शॉप, फिटर किंवा मुख्य कंत्राटदार. हा स्टिकर फिल्मवर लावा आणि हाच मजकूर चलनावरही येऊ द्या. थेट फिल्मवर बॉलपेनने लिहू नका, मिररवर अक्षरांचा ठसा उठतो.

कटिंग, बेंडिंग, वेल्डिंग

फायबर लेझरवर स्टेनलेस कापताना नायट्रोजन मोठ्या दाबाने सोडतात. साधी फिल्म असेल तर पहिलं छिद्र पडतानाच हा वायू फिल्मखाली शिरतो आणि ती फुग्यासारखी वर येते. मग नोझल तिला अडकतं किंवा कट बिघडतो. यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे लेझरसाठी बनवलेली, पक्की धरणारी फिल्म. दुसरा म्हणजे आधी कमी ताकदीने त्याच रेषेवरून बीम फिरवून फिल्म जाळून घ्यायची आणि मग कापायचं. दुसऱ्याला वेळ जास्त लागतो, पण माल हातात आलेलाच असेल तर तोच मार्ग उरतो.

आणखी एक गोष्ट विचारा: फिल्म कोणत्या लेझरसाठी आहे? सीओटू लेझरची तरंगलांबी १०.६ मायक्रॉन असते, फायबरची साधारण १ मायक्रॉन. एकीचा प्रकाश फिल्म शोषते म्हणून दुसरीचाही शोषेलच असं नाही. त्यामुळे सीओटूवर सुरळीत चाललेली फिल्म फायबरवर त्रास देऊ शकते. शीट टेबलावर फिल्म वर करून ठेवायची. खालच्या बाजूलाही फिल्म असेल तर ऑपरेटरशी आधी बोला, कारण वितळलेला धातू खाली मोकळा पडला नाही की कडेला बर, म्हणजे धातूची खरखरीत धार, राहतो.

बेंड मारताना डायच्या (पत्र्याखालच्या खाचेच्या साच्याच्या) खांद्यांवरून घासली जाणारी बाजू म्हणजे बेंडची बाहेरची बाजू, आणि फिल्मची खरी गरज तिथेच असते. डायमध्ये साठलेले फिल्मचे तुकडे अधूनमधून ब्रशने काढत जा. एक कण राहिला तरी पुढच्या प्रत्येक नगावर त्याच जागी खड्डा उठतो.

वेल्डिंगला सांध्याच्या दोन्ही बाजूंनी निदान ५० मिमी फिल्म मागे घ्या. जळलेल्या पॉलिथिनचा कार्बन वेल्डमध्ये गेला तर स्टेनलेसचे गंजरोधक गुणच तिथे कमी होतात. शेजारी ग्राइंडर चालू असेल तर फिल्मच्या भरवशावर राहू नका. ठिणगी फिल्म भेदून आत जाते, लोखंडाचा कण रुतवते आणि पहिल्या पावसानंतर तिथे तांबूस ठिपका येतो. वेल्डिंग ब्लँकेट टाकायलाच हवं.

साईटवर

खरी परीक्षा इथे होते. शॉपमध्ये फिल्म दोन-तीन आठवडे असते, साईटवर महिनोन्‌महिने. उन्हाने गोंद पिकतो, प्लास्टिक ठिसूळ होतं आणि सोलताना सलग पट्टा निघण्याऐवजी नखाएवढे कपटे निघतात. एसीपीचे (ॲल्युमिनिअम कॉम्पोझिट पॅनेलचे) बहुतेक उत्पादक पॅनेल बसवल्यापासून साधारण ४५ दिवसांत फिल्म काढायला सांगतात. इमारतीच्या एकाच दर्शनी भागाची फिल्म एकदमच काढावी. अर्धी आज आणि अर्धी दिवाळीनंतर काढली तर रंगात फरक दिसू शकतो. त्याच फिल्मवर बाण छापलेले असतात. सगळ्या पॅनेलचे बाण एकाच दिशेला ठेवून बसवायचं, नाहीतर मेटॅलिक रंगात शेजारशेजारची पॅनेल वेगवेगळी दिसतात.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणपट्टीत आणि मुंबईत, अर्धवट सुटलेली फिल्म ही फिल्म नसण्यापेक्षा वाईट. कडेतून शिरलेलं खारं, दमट पाणी बाहेर पडत नाही, त्याला हवा लागत नाही, आणि स्टेनलेसवरसुद्धा त्या जागी गंज धरतो. जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर पांढरा गंज येतो. सुटलेली कड दिसली की तेवढा भाग सोला, धुवा, कोरडा करा आणि हवं तर नवी पट्टी लावा. जुनीच दाबून बसवू नका.

गवंडीकाम चालू असताना ॲल्युमिनिअमच्या सेक्शनवर सिमेंटचं पाणी ओघळतं. सिमेंट अल्कधर्मी असतं आणि ॲनोडायझिंगला, म्हणजे ॲल्युमिनिअमवरच्या संरक्षक ऑक्साइडच्या थराला, ते खातं, म्हणून तिथे फिल्म नीट असणं फार मोलाचं आहे. त्याहून मोठा शत्रू येतो तो कामाच्या शेवटी. टाइल्स धुवायला ॲसिड आणतात, ते हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. त्याच्या वाफेनेही स्टेनलेस डागाळतं. लिफ्टच्या चौकटीचा तळ, रेलिंगचे खांब, किचनचे पाय यांवर फिल्मच्या कडा आधी टेपने बंद करून घ्या, आणि ॲसिडवॉश झाल्यावर भरपूर पाण्याने लगेच धुवायला लावा. मुकादमाशी आधीच बोलून ॲसिडवॉशचा दिवस माहीत करून घेतलात तर निम्मं काम झालं.

सोलताना

भर दुपारी, तापलेल्या पत्र्यावरून फिल्म काढू नका. तेव्हा गोंद मऊ असतो आणि फिल्मबरोबर येण्याऐवजी पत्र्यावरच राहतो. सकाळची वेळ किंवा सावली बघा. वरचा कोपरा बोटाने किंवा प्लास्टिकच्या पट्टीने उचला. स्क्रू-ड्रायव्हर आणि ब्लेड खिशातच राहू दे. उचललेली फिल्म तिच्याच अंगावर मागे दुमडून, पत्र्याला जवळजवळ समांतर ठेवून, एकसारख्या वेगाने ओढत न्या. मधेच थांबलात तर थांबल्या जागी गोंदाची आडवी रेघ राहते. मिररवर ती रेघ लांबूनही दिसते. मोठ्या शीटला म्हणूनच दोन माणसं लागतात, दोघांनी दोन कोपरे धरून बरोबर चालायचं.

मोठी फिल्म सोलताना स्थिर वीज तयार होते. उघडं थिनर, स्प्रे पेंटिंग किंवा ताजं लावलेलं सॉल्व्हंटचं ॲडहेसिव्ह जवळ असेल तर आधी ते हलवा, एका ठिणगीने वाफ पेटू शकते. काढलेली फिल्म जमिनीवर टाकू नका. गुळगुळीत लादीवर पडलेल्या फिल्मवर पाय पडला की माणूस घसरतो, आणि शिडीच्या पायथ्याशी तर ती जिवावर बेतू शकते.

फिल्म निघत नसेल तर ड्रायरने थोडी थोडी ऊब द्या, हाताला सोसवेल इतकीच, आणि कोमट असतानाच हळू ओढा. मागे राहिलेला गोंद कशाने काढायचा हे पृष्ठभागावर ठरतं. स्टेनलेसला आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा मिनरल टर्पेंटाइन चालतं. रेघांच्या दिशेने पुसा, मग साबणाच्या पाण्याने धुवा. लोखंडी काथ्या अजिबात नको, त्याचे कण मागे राहून गंजतात. पावडर कोटिंगवर थिनर किंवा ॲसिटोन लावू नका, कोटिंग मऊ होऊन चमक जाते. अल्कोहोलचा ओलसर कपडा हलक्या हाताने फिरवून लगेच पुसून घ्या. ॲक्रिलिकवर अल्कोहोल आणि थिनर दोन्ही वर्ज्य. कापलेल्या कडांमध्ये ताण साठलेला असतो आणि सॉल्व्हंट लागला की तिथे केसासारख्या भेगा जातात. थोडं रॉकेल कापसाने लावा, आणि मग साबणाच्या पाण्याने नीट धुवा.

जिथे फिल्म बसत नाही

टब, वाकलेली काच, स्प्रे बूथच्या भिंती यांच्यासाठी सोलून काढता येणारं द्रव कोटिंग मिळतं. ते ब्रशने किंवा स्प्रेने लावतात, आणि वाळल्यावर त्याचं रबरासारखं कातडं बनतं. हात आखडता घेऊन पातळ मारलं तर ते सोलताना तुकड्यांत फाटतं. सांगितलेली जाडी भरेपर्यंत हात द्या, आणि कडांना एक जादा, कारण सोलायला सुरुवात तिथूनच करायची असते. कटिंग टूल्सच्या धारांवर दिसणारं मेणचट आवरण याच कुळातलं. इथाइल सेल्युलोज वितळवून त्यात टूल बुडवतात. त्यातलं तेल धातूवर राहून गंजही रोखतं. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी नौदलाने राखीव जहाजांवरच्या तोफा अशाच फवारलेल्या प्लास्टिकच्या कोशात झाकून ठेवल्या होत्या.

पावडर कोटिंगमध्ये आटे किंवा अर्थिंगची जागा कोरी ठेवायची असेल तर ते मास्किंगचं काम. तिथे घरच्या रंगकामाची क्रेप टेप वापरू नका. ती १९२५ मध्ये थ्रीएम या अमेरिकी कंपनीच्या रिचर्ड ड्रू यांनी दोन रंगांच्या मोटारी रंगवणाऱ्यांसाठी काढली. कागदाची ती टेप १८० ते २०० अंशांच्या ओव्हनमध्ये करपते आणि गोंद भाजून बसतो. पॉलिस्टरची हिरवी टेप आणि सिलिकॉनचे बूच या तापमानाला टिकतात. मात्र ओल्या रंगाच्या बूथमध्ये सिलिकॉनचे सुटे पदार्थ नेऊ नका, त्याचा अंश जरी पृष्ठभागावर राहिला तरी रंगात माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात.

सोललेल्या फिल्मचं

ती जाळू नका. पॉलिथिनची फिल्म भंगारात विकली जाते आणि तिचा पुनर्वापर होतो, पण ती वेगळी आणि कोरडी ठेवली तरच. सिमेंट लागलेले तुकडे आणि खरं पीव्हीसी बाजूला काढा. साईटवर दोन गोण्या ठेवून हेल्परला पहिल्याच दिवशी दाखवून द्या, कोणत्या गोणीत काय जाईल ते.